बुकर वॉशिंग्टन आणि टस्कीगीची वीटभट्टी

प्रेषित पौल तंबू शिवून आपला निर्वाह करीत असे आणि आपला प्रभू नासरेथात सुताराच्या घरी वाढला, हे शब्बाथ शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. तरीसुद्धा आपल्या मंडळ्यांतील किती आईबाप आपल्या मुलाने रंधा किंवा थापी हाती धरावी म्हणून प्रार्थना करतात? मुलाला कचेरीत जागा मिळावी, मुलीची शाळेत किंवा दवाखान्यात नेमणूक व्हावी, अशा विनंत्या प्रार्थनासभेत आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. मुलगा उत्तम गवंडी व्हावा, अशी विनंती मात्र आम्हांला आठवत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी मिशनच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम, विणकाम किंवा छापखान्याचे काम शिकून संसार उभे केले, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. म्हणून या अंकात आम्ही बुकर टी. वॉशिंग्टन यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या आपल्या लोकांच्या हाती त्यांनी पुस्तकाबरोबर हत्यार दिले, आणि त्याबद्दल जन्मभर स्तुती ऐकली व निंदाही सोसली.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, फ्रँकलिन परगण्यात, हेल्स फोर्ड या खेड्याजवळ बरोज नावाच्या गृहस्थाचा तंबाखूचा मळा होता. तेथे १८५६ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी बुकरचा जन्म झाला. आई जेन ही मळ्यावरची स्वयंपाकीण. बाप कोणी गोरा मनुष्य होता; त्याचे नावदेखील मुलाला कधी कळले नाही. राहण्याचे खोपट हेच मळ्याचे स्वयंपाकघर. जमीन मातीची, मध्यभागी फळ्यांनी झाकलेला खड्डा, आणि त्यात मालकाची रताळी हिवाळ्यासाठी साठवलेली. गुलामांच्या मुलांना जवसाच्या सुताचा जाडाभरडा सदरा मिळे. नवा असताना तो अंगाला काट्यांसारखा टोचे. बुकरचा थोरला भाऊ जॉन धाकट्याचा नवा सदरा आधी काही दिवस स्वतः घाली, आणि मऊ झाल्यावर त्याला देई. हे जॉनचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. बुकर पुढे शिकायला गेला तेव्हा खाणीत राबून जमेल तशी मदत पाठविणारा हाच भाऊ होता.

१८६५ साली यादवी युद्ध संपले आणि मालकाच्या ओसरीसमोर सर्वांना उभे करून मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला. त्यानंतर जेन मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावी नवऱ्याकडे गेली. तेथे खारे पाणी मोठमोठ्या भट्ट्यांवर आटवून मीठ काढीत. मिठाची पिंपे भरण्याच्या कामावर सावत्र बापाने दोन्ही मुलांना लावले. त्याच्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत असत. बुकर अक्षर म्हणून जे पहिले शिकला ते हेच! काळ्या मुलांसाठी शाळा निघाली तेव्हा बापाने काम सोडू दिले नाही. पुष्कळ विनवण्यांनंतर पहाटेपासून नऊपर्यंत भट्टीवर राबून मग शाळेत जायची परवानगी मिळाली. शाळा दूर, आणि तीही नऊलाच भरे. तेव्हा हा मुलगा भट्टीच्या कचेरीतील घड्याळाचा काटा रोज साडेआठावरून नवावर सरकवू लागला. अखेर मुकादमाने घड्याळ पेटीत बंद केले. थोरांच्या चरित्रात असल्या गोष्टी गाळण्याची चाल आहे. आम्हांला ती पसंत नाही. शाळेत हजेरीच्या वेळी सर्वांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच, हे पाहून त्याने आपले आडनाव वॉशिंग्टन असे तिथल्या तिथे सांगून टाकले.

पुढे कोळशाच्या खाणीत काम करीत असताना दोन खाणकामगारांचे बोलणे त्याच्या कानी पडले. व्हर्जिनियात हॅम्प्टन येथे काळ्या मुलांसाठी मोठी शाळा आहे, आणि गरिबाला तेथे कामाच्या बदल्यात शिकता येते, असे ते बोलत होते. त्या दिवसापासून त्याने हॅम्प्टनचा ध्यास घेतला. परंतु हॅम्प्टनला जाण्यापूर्वी त्याची एक शाळा अनायासे झाली, ती खाणमालक जनरल रफनर यांच्या घरी. मालकीणबाई व्हायोला रफनर अतिशय कडक. त्यांच्याकडे नोकर दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नसे. महिना पाच डॉलर पगार. बाईंचे मागणे एवढेच की, काम वेळेवर व्हावे, केर कोपऱ्यातसुद्धा राहू नये, कुंपणाची निखळलेली फळी दिसताच ठोकली जावी, आणि खोटे बोलू नये. बुकर आधी घाबरला, मग टिकला. पुढे जन्मभर रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला की तो उचलल्यावाचून त्यांना राहवत नसे.

१८७२ साली, सोळाव्या वर्षी, तो घरून निघाला. हॅम्प्टन सुमारे पाचशे मैल. काही वाट पायी, काही कोणाच्या गाडीतून. रिचमंड शहरात पोहोचला तेव्हा खिशात काही नव्हते. रात्री लाकडी पदपथाखाली निजला आणि दिवसा बंदरावर जहाजातील लोखंड उतरवून पोटापुरते मिळविले. शाळेच्या दारात उभा राहिला तेव्हा जवळ पन्नास सेंट होते आणि अंगावरचे कपडे पाहून कोणीही त्याला भटक्या समजला असता. मुख्य शिक्षिका मेरी मॅकी यांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. काही तासांनंतर त्यांनी शेजारची वर्गखोली झाडायला सांगितली. त्याने ती तीन वेळा झाडली आणि चार वेळा पुसली. बाईंनी हातरुमालाने भिंतींचे लाकूड, मेज, बाके घासून पाहिली. धुळीचा कण निघाला नाही. प्रवेशपरीक्षा झाली, आणि झाडलोट करण्याचे कामही मिळाले. त्यातून जेवणखाण सुटू लागले. याच मॅकीबाई पुढे शाळा उघडण्याच्या आधी दोन आठवडे त्याच्याबरोबर स्वतः खिडक्या धूत असत. उत्तरेकडील सुशिक्षित घराण्यातील बाई आपल्या शेजारी उभी राहून काचा पुसते, याचे त्या मुलाला प्रथम नवल वाटले. हॅम्प्टनमध्येच नॅथली लॉर्ड या शिक्षिकेने त्याला पवित्र शास्त्राची गोडी लावली, आणि दिवसाचे काम सुरू करण्यापूर्वी एक अध्याय वाचण्याचा नेम त्याने पुढे कितीही व्याप वाढला तरी सोडला नाही.

हॅम्प्टनचे संस्थापक जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांच्याविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यांचा धागा आपल्या मंडळ्यांपर्यंत येतो. आर्मस्ट्राँग यांचा जन्म हवाई बेटांत झाला. त्यांचे वडील रिचर्ड आर्मस्ट्राँग यांना तेथे अमेरिकन बोर्डाने मिशनरी म्हणून पाठविले होते. ज्या अमेरिकन बोर्डाच्या गॉर्डन हॉल यांनी १८१३ साली मुंबईत पाऊल टाकले आणि ज्याने पुढे अहमदनगर, सोलापूर, साताऱ्याकडे मराठी मिशनचे काम उभे केले, तेच हे बोर्ड. हवाईत हिलो गावी मिशनची एक शाळा होती. तेथे मुले अर्धा वेळ पुस्तक शिकत आणि अर्धा वेळ शेत व सुतारशाळेत काम करीत. तरुण आर्मस्ट्राँगने ती पाहिली होती. यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व केल्यावर त्यांनी १८६८ साली हॅम्प्टनची शाळा काढली, ती याच धर्तीवर. म्हणजे ज्या विचाराने पुढे आपल्याकडे मिशनच्या औद्योगिक शाळा निघाल्या, त्याच विचाराच्या मांडीवर बुकर वॉशिंग्टन वाढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८७५ साली हॅम्प्टनचा अभ्यास संपवून वॉशिंग्टन यांनी माल्डनमध्ये शिक्षकाचे काम केले, काही महिने वेलँड सेमिनरीत शिक्षण घेतले आणि १८७९ साली हॅम्प्टनला शिक्षक म्हणून परत आले. दिवसभर लाकडाच्या गिरणीत किंवा धुलाईघरात राबणाऱ्या मुलामुलींसाठी तेथे रात्रीची शाळा सुरू झाली, ती त्यांनी चालविली.

इकडे दक्षिणेत अलाबामा राज्यातील टस्कीगी गावी लुईस ॲडम्स नावाचा एक कारागीर होता. तो पूर्वीचा गुलाम. पत्र्याचे काम, जोडे शिवणे आणि घोड्यांचे साज बनविणे ही तिन्ही कामे त्याला उत्तम येत. निवडणुकीत उभ्या असलेल्या एका गोऱ्या उमेदवाराने काळ्यांची मते मिळवून देण्याबद्दल त्याला काय हवे ते विचारले. ॲडम्सने स्वतःसाठी काही मागितले नाही. आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही, खडूचा तुकडासुद्धा नाही. टस्कीगीकरांनी आर्मस्ट्राँगकडे एखादा गोरा मुख्याध्यापक मागितला होता. आर्मस्ट्राँगनी उलट वॉशिंग्टन यांचे नाव सुचविले. रविवारी सायंकाळी उपासना चालू असताना होकाराची तार आली. वॉशिंग्टन तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

शाळा उघडण्यापूर्वी त्यांनी आसपासची खेडी पालथी घातली. तेथे जे दिसले त्यावरून पुढचे सारे काम ठरले, असे आम्हांला वाटते. एकेका खोलीत सारे कुटुंब निजे. दारापर्यंत कापूस लावलेला, परंतु भाजीचा वाफा नाही. जेवण म्हणजे मक्याची भाकरी आणि डुकराची चरबी, तीही दुकानातून उधारीवर आणलेली. उभे पीक सावकाराकडे गहाण. अशा एका घरात ते पाच माणसांच्या पंगतीला बसले तेव्हा काटा एकच होता. पण त्याच खोलीच्या कोपऱ्यात हप्त्याने घेतलेला साठ डॉलरचा ऑर्गन उभा होता. दुसरीकडे एक तरुण मळक्या कपड्यांत, चहूकडे घाण आणि अंगणात रान माजलेले असताना, फ्रेंच व्याकरण घोकीत बसलेला दिसला. शाळेत आलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांची तऱ्हा निराळी नव्हती. त्यांतील बरेचसे खेड्यांतले शिक्षकच होते. काही चाळिशीच्या जवळ आलेले. लांबलचक नावाचे विषय शिकल्याचा त्यांना अभिमान; व्याज, हुंडी व बट्टा यांचे नियम तोंडपाठ, पण पाढे येत नव्हते, आणि पंचक्रोशीत बँकेत खाते कोणाचेच नव्हते.

१८८१ च्या जुलैच्या ४ तारखेला मेथडिस्ट मंदिराशेजारच्या पडक्या घरात ३० विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. पाऊस आला की एक विद्यार्थी उठून शिक्षकाच्या डोक्यावर छत्री धरी. लवकरच गावाबाहेर एक जुना मळा विकाऊ असल्याचे कळले. शंभर एकर, किंमत ५०० डॉलर, निम्मे आधी. हॅम्प्टनचे खजिनदार जनरल मार्शल यांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले. तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करून वर्ग भरू लागले. मग वॉशिंग्टन यांनी जाहीर केले की, दुपारी सर्वांनी रान तोडायचे. विद्यार्थ्यांचे चेहरे उतरले; गुलामीत बापाने हेच केले, ते सुटावे म्हणून तर मुलाला शाळेत धाडले! मुख्याध्यापकांनी काही व्याख्यान दिले नाही. कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते पुढे झाले. रोज दुपारी असे करीत वीस एकर जमीन साफ झाली व पेरली गेली. सहशिक्षिका ऑलिव्हिया डेव्हिडसन यांनी गोऱ्या-काळ्या दोन्ही वस्त्यांत दारोदार फिरून खाद्यपदार्थ गोळा करून विक्रीच्या मेजवान्या भरविल्या, आणि उसने फिटले. याच काळात एक सत्तरीची म्हातारी, जन्माची गुलाम, फाटक्या पण स्वच्छ कपड्यांत काठी टेकीत आली आणि तिने शाळेसाठी सहा अंडी दिली. पुढे कार्नेगी यांनी १९०३ साली सहा लाख डॉलर दिले; तरी वॉशिंग्टन यांना ही सहा अंडी शेवटपर्यंत आठवत.

आता विटांची हकिकत. गावात वीटभट्टी नव्हती. शाळेला इमारत हवी होती, आणि गावकऱ्यांनाही विटा हव्या होत्या. वॉशिंग्टन यांना वीट करण्याचा काडीइतका अनुभव नव्हता. त्यांना वाटले होते की माती मळली, साच्यात घातली, भाजली, झाले. आधी मातीच मिळेना. दोन-तीन जागी खड्डे खणून पाहिल्यावर वीट होण्याजोगी चिकण सापडली. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहायचे म्हटल्यावर विद्यार्थी कुरकुरू लागले, आणि काही तर शाळा सोडून गेले. कशाबशा २५,००० कच्च्या विटा झाल्या. भट्टी लावली, पण ती नीट रचली नव्हती, विटा कच्च्याच राहिल्या. दुसरी भट्टी लावली, तीही फसली. हॅम्प्टनला हे काम शिकलेले काही शिक्षक मदतीला आले आणि तिसरी भट्टी मोठ्या आशेने पेटविली. वीट पक्की भाजायला जवळजवळ आठवडा लागतो. रात्रंदिवस जाळ घातला. आठवडा संपत आला असताना एका मध्यरात्री भट्टी कोसळली.

शाळेत आता एक डॉलरही उरला नव्हता. हा नाद सोडा, असे शिक्षक सांगू लागले. वॉशिंग्टन यांच्याजवळ एक जुने घड्याळ होते. ते घेऊन ते माँटगोमेरी शहरी गेले आणि पेढीवर गहाण टाकून १५ डॉलर आणले. त्या पैशांवर चौथी भट्टी लागली. ती साधली. घड्याळ सोडवून घेण्याइतके पैसे मुदतीत जमले नाहीत. ते गेले ते गेलेच.

वीट करण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. माती किती दिवस भिजू द्यायची, कच्ची वीट सावलीत किती सुकवायची, रचताना वाऱ्याला वाट कोठे ठेवायची, जाळ कधी वाढवायचा आणि कधी कमी करायचा, हे पुस्तकात असते आणि नसतेही. टस्कीगीचे वेगळेपण असे की, मुख्याध्यापकासह सर्वांनी ही विद्या गावाच्या डोळ्यांदेखत, चुका करीत संपादन केली. त्या विटा घ्यायला शाळेविषयी काडीची आस्था नसलेले गोरे शेजारी येऊ लागले, कारण वीट चांगली होती आणि दुसरीकडे मिळत नव्हती. काळ्या मुलांची शाळा हे गावावरचे ओझे नसून तिच्यावाचून आपले अडते, हे त्यांना भाषणाने पटले नसते. १९०० च्या सुमारास एका हंगामात बारा लाख विटा निघू लागल्या, आणि भट्टीवर शिकलेले तरुण दक्षिणेत ठिकठिकाणी स्वतःच्या भट्ट्या घालू लागले.

पुढे एकेक धंदा असाच गरजेतून वाढला. खाटा हव्या होत्या म्हणून सुतारशाळा. पहिल्या खाटा इतक्या बेताच्या होत्या की, सकाळी फेरी मारताना एखादा विद्यार्थी मोडक्या खाटेसह जमिनीवर पडलेला आढळे. गाड्या हव्या होत्या म्हणून गाड्यांचा कारखाना. पुढे शाळेच्या गाड्या व बग्ग्या परगण्यात विकल्या जाऊ लागल्या. त्यानंतर जिनगरकाम, लोहारकाम, पत्र्याचे काम, छापखाना, शिवणकाम, धुलाई, लोणी काढणे. पैसे भरू शकणाऱ्यालाही हातकामातून सूट नव्हती. काही आईबापांनी विरोधाची पत्रे लिहिली, मुलांबरोबर निरोप धाडले. वॉशिंग्टन मागे हटले नाहीत. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रशाळा निघाली. दिवसा दहा तास भट्टीवर किंवा धुलाईघरात काम, रात्री दोन तास अभ्यास. मजुरीतून जेवणाखाण्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम संस्थेकडे जमा राही, आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच रक्कम दिवसाच्या शाळेला उपयोगी पडे. जो हा रगाडा सोसून टिकला त्याची दुसरी परीक्षा घेण्याचे कारण उरत नसे. एकोणीस वर्षांत चाळीस इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील चार सोडल्या तर बाकी जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांच्या हातच्या. नकाशे काढण्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रॉबर्ट टेलर यांना आणले होते. कृषी विभागासाठी १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे ते मराठी घराघरांत पोहोचले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

एक दोष सांगितला पाहिजे. जेथे शिकाऊ मुलांच्या श्रमावरच संस्था चालते, तेथे मुलगा शिकतो किती आणि राबतो किती, हा हिशेब नेहमी सरळ राहत नाही. दहा तास विटा वाहणाऱ्याला विटांची विद्या येईलच असे नाही. आपल्याकडच्या काही वसतिगृहांतही हे घडलेले आम्ही पाहिले आहे. टस्कीगीत हा ओढा होता. तो नव्हता असे म्हणणे चरित्राशी प्रामाणिक होणार नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर त्यांनी जे केले ते आम्हांला तितकेच मोलाचे वाटते. १८९२ पासून दर वर्षी टस्कीगीत शेतकऱ्यांची परिषद भरू लागली. तेथे व्याख्यानांपेक्षा शेतकरीच बोलत: कोणी कर्ज कसे फेडले, कोणी चाळीस एकर कसे घेतले, कोणी एका खोलीच्या दोन खोल्या केल्या. जे शाळेपर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्याकडे १९०६ साली अवजारे, बियाणे व लोणी काढण्याची यंत्रे भरलेली एक गाडी खेड्यांतून फिरू लागली. शिकून गेलेल्या एका तरुणाने एकरी २६६ बुशेल रताळी काढली; त्या भागात सरासरी ४९ होती. गोरे शेतकरी त्याला विचारायला आले.

परंतु कारागीर तयार झाला म्हणजे धंदा उभा राहतोच असे नाही. त्याला गिऱ्हाईक हवे, हिशेब हवा, पत हवी, आणि आपल्यासारखे दुसरेही आहेत हे कळायला हवे. म्हणून वॉशिंग्टन यांनी १९०० साली बोस्टन येथे नॅशनल निग्रो बिझनेस लीग स्थापन केली. किराणा दुकानदार, न्हावी, शिंपी, औषधविक्रेते, घरे बांधणारे, वीटभट्टीवाले, लहान बँकांचे चालक असे लोक तेथे उभे राहून आपली हकिकत सांगत: भांडवल किती होते, कोठे बुडालो, कोणी सावरले. गंमत अशी की, काळ्या लोकांच्या धंद्यांची पाहणी करणारी परिषद आदल्याच वर्षी अटलांटात भरली होती, आणि तिचे चालक होते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस. पुढे हेच द्यू बॉइस वॉशिंग्टन यांचे सर्वांत तिखट टीकाकार झाले.

तो वाद असा. १८९५ साली अटलांटाच्या प्रदर्शनात वॉशिंग्टन यांनी मोठ्या सभेपुढे जी भूमिका मांडली तिचा मथितार्थ हा की, काळ्यांनी आधी कष्ट, कसब व मालमत्ता यांत पाय रोवावे. गोऱ्यांशी सामाजिक बरोबरीचा आग्रह तूर्त धरू नये. उत्तर-दक्षिणेतील गोऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण त्याच वर्षांत दक्षिणेत झुंडी माणसांना झाडाला टांगीत होत्या, आणि १९०१ साली अलाबामाच्या नव्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला. द्यू बॉइस यांनी १९०३ साली लिहिले ते याच संदर्भात: ज्याला मत नाही त्याची मालमत्ता कोण राखणार? आणि ज्या समाजाला उच्च शिक्षण नाही त्याच्या औद्योगिक शाळांना शिक्षक कोठून मिळणार? आमच्या मते या दोन प्रश्नांना वॉशिंग्टन यांच्याकडे पुरे उत्तर नव्हते. वीट चांगली असली की शेजारी गिऱ्हाईक होतो, हे त्यांनी सिद्ध केले. गिऱ्हाईक झालेला शेजारी न्यायही करील, ही त्यांची आशा मात्र त्यांच्या हयातीत फळली नाही. तथापि त्यांच्या कागदपत्रांवरून मागाहून उजेडात आले की, अलाबामातील मताधिकाराचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यासाठी ते गुप्तपणे पैसे पुरवीत होते. तोंडाने सबुरी आणि हाताने लढा, असे हे दुहेरी जिणे. त्यातील किती भाग शहाणपणाचा आणि किती भीतीचा, हे आपण दुरून ठरवू नये. जगात आणि आपल्या देशातही असे कित्येक ख्रिस्ती जन आहेत की, ज्यांना शेजाऱ्यांत राहून हा हिशेब रोज करावा लागतो.

घरच्या दुःखांनीही त्यांना सोडले नाही. पहिली पत्नी फॅनी १८८४ साली वारली. दुसरी पत्नी ऑलिव्हिया डेव्हिडसन, जिने शाळेसाठी दारे ठोठावली होती, ती १८८९ साली. तिसरी पत्नी मार्गारेट मरे यांनी टस्कीगीत मुलींच्या कामाचा भार वाहिला आणि गावातील बायकांसाठी सभा चालविल्या. वर्षाचे अनेक महिने वॉशिंग्टन आगगाडीतच असत. उत्तरेत दारोदार फिरून शाळेसाठी देणग्या गोळा करायच्या, आणि टस्कीगीत असतील तेव्हा रविवारी सायंकाळी मंदिरात विद्यार्थ्यांशी साध्या शब्दांत बोलायचे, हा क्रम. ते बोलणे दात घासण्यापासून पापक्षमेपर्यंत कशाविषयीही असे. खेड्यांतील शाळांसाठी १९१२ साली त्यांनी शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवॉल्ड यांना गळ घातली. गावाने आपला वाटा उचलावा, उरलेला ते देतील, अशी योजना ठरली. १९३२ पर्यंत अशा सुमारे पाच हजार शाळा दक्षिणेत उभ्या राहिल्या. त्यांतील फारच थोड्या त्यांना पाहायला मिळाल्या.

१९१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे त्यांची प्रकृती ढासळली. मरण यायचे तर दक्षिणेत यावे, असा हट्ट धरून ते आगगाडीने टस्कीगीस परतले आणि १४ नोव्हेंबर रोजी पहाटे, एकोणसाठाव्या वर्षी, प्रभूकडे गेले. त्या वेळी संस्थेत सुमारे १,५०० विद्यार्थी आणि दोनशेच्या जवळपास शिक्षक होते, आणि ३८ धंदे शिकविले जात होते. मंदिराशेजारीच त्यांना मूठमाती देण्यात आली. ते मंदिर १८९८ साली पुरे झाले होते. नकाशा टेलर यांचा, आणि विटा विद्यार्थ्यांनी भाजलेल्या, सुमारे बारा लाख. १९५७ साली ते आगीत जळाले. १९६९ साली त्या जागी नवे मंदिर उभे राहिले. कबर जुन्याच जागी आहे.